सही न केलेली अकरा पानं

ओझेला ग्रेव्हजला नोकरीचं पत्र आलं मंगळवारी दुपारी, आणि बुधवारी सकाळपर्यंत चर्चमधल्या निम्म्या बायांना ते कळलेलं होतं. हे काम तिच्या नवऱ्याचं. थॅडनं पत्र वाचलंही नव्हतं. पहिल्या पानावरचा पगाराचा आकडा बघितला आणि तो तडक पोर्चमध्ये जाऊन फोन लावत बसला. मॅरो बेंडमधला मासे कापायचा कारखाना बंद झाला त्याला सहा वर्षं झाली होती. थॅडची नोकरी त्याच्यासोबत गेली, आणि गुडघे त्याच्या आधीच गेले होते. तेव्हापासून गावात नव्या नोकरीचा विषय निघाला की लोक तो हसण्यावारी नेत. अशा गावात आपल्या बायकोला वर्षाला सव्वा लाख डॉलर मिळणार, ही गोष्ट थॅडच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं.

ओझेला त्रेपन्न वर्षांची होती. त्यातली तेवीस वर्षं तिनं सरकारी मनोरुग्णालयाच्या कुलूपबंद वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. तिथं एका रुग्णानं तिला कडकडून चावलं होतं, दोघांनी लग्नाची मागणी घातली होती, आणि एका म्हाताऱ्यानं तर मरताना तिलाच आपली बहीण समजून सगळ्या चुकांची माफी मागितली होती. तिनं ती देऊनही टाकली होती. पन्नाशीला टेकल्यावर तिच्या मनात आलं की डॉक्टरांनी पाच मिनिटांत लिहिलेली औषधं आपण आणखी किती वर्षं वाटत राहायची? मग पहाटे साडेचारला उठून, ड्यूटीवर जाण्याआधी दोन तास अभ्यास करत तिनं साडेतीन वर्षांत मानसोपचाराची नर्स प्रॅक्टिशनर होण्याची परीक्षा दिली. आता तिला रुग्ण तपासता येत होता, आजार ठरवता येत होता आणि स्वतःच्या सहीवर औषध लिहिता येत होतं. त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अशी ती पहिलीच.

पत्र टॉलिव्हर नावाच्या कंपनीचं होतं. या कंपनीची चार राज्यांत मिळून साठ क्लिनिकं होती. मॅरो बेंडच्या मुख्य रस्त्यावर बँकेची इमारत रिकामी पडली होती, तिथं त्यांना एकसष्टावं काढायचं होतं आणि त्यासाठी त्यांना ओझेला हवी होती. पत्रासोबत अकरा पानांचा करार होता.

संध्याकाळी थॅडनं मासे तळले, मक्याचा ब्रेड केला, शेजारणीकडून गोडाला ॲपल पाय मागवला. ओझेलानं सगळं चवीनं खाल्लं, ताटं विसळली, टेबल कोरडं पुसलं आणि चष्मा लावून करार वाचायला बसली.

"अगं, सही कुठं करायची तेवढं बघ की," थॅड म्हणाला. "शेवटच्या पानावर असते."

"त्याच्या आधी दहा पानं आहेत ना. ती त्यांनी काय हौस म्हणून छापलीत?"

थॅडला ती माहीत होती. वॉर्डात कुठलीही गोळी देताना ती पुडक्यावरचं नाव तीनदा वाचायची. एकदा तिसऱ्या वाचनात चूक सापडली होती आणि एक माणूस वाचला होता. त्यामुळे तो नुसता पाय हलवत बसला.

वाचता वाचता तिनं चार ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. चौथ्या कलमात लिहिलं होतं की जुन्या रुग्णाला बारा मिनिटं द्यायची आणि दिवसाला अठ्ठावीस रुग्ण बघायचे. नवव्यात होतं की तिनं नोकरी सोडली आणि नंतर एखाद्या जुन्या रुग्णानं दावा ठोकला, तर त्याचा विमा तिनं स्वतःच्या खिशातून भरायचा. चौदाव्यात होतं की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं साठ मैलांच्या आत तिला हे काम कुठंच करता येणार नाही. साठ मैलांत मॅरो बेंड होतं, तिचं घर होतं, तिच्या आईची कबर होती आणि तिला ओळखणारं झाडून सगळं जग होतं. शेवटी कंपनीचे नियम जोडले होते. त्यातला एकोणिसावा नियम असा की सलग तीन वेळा न आलेल्या रुग्णाचं नाव आपोआप यादीतून कमी होईल.

ही चौथी खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ब्रेट हॅलोवेला फोन केला. हा कंपनीचा विभागीय संचालक, पस्तिशीचा, मधाळ बोलणारा. करार सगळ्यांना एकच असतो, असं त्यानं सांगितलं. आजवर कुणी कुरकुर केलेली नाही, आणि विमा वगैरे गोष्टी तर वकिलांच्या समाधानासाठी लिहाव्या लागतात. तिनं विचारलं, "या राज्यात डॉक्टरशी लेखी करार असल्याशिवाय मला रुग्ण बघता येत नाही. माझा डॉक्टर कोण?" तो म्हणाला, डॉक्टर स्ट्रँड, फार अनुभवी माणूस. ते कुठं बसतात, असं विचारल्यावर कळलं की पार ॲरिझोना राज्यात. आणि ते आणखी किती नर्सना बघतात? हॅलोवे जरा अडखळला आणि म्हणाला, "सतरा. पण ओझेला, ते ईमेलला लगेच उत्तर देतात."

तिनं सांगितलं की सही करण्याआधी तिला एक दिवस त्यांच्या चालू क्लिनिकमध्ये बसायचंय. त्यानं आढेवेढे घेतले, पण नाही म्हणाला नाही.

हॅन्सफर्ड चाळीस मैलांवर होतं. तिथलं क्लिनिक स्वच्छ होतं, भिंती फिकट निळ्या, कोपऱ्यात कारंजं. ओझेलाला आत एका तरुण नर्स प्रॅक्टिशनरच्या शेजारी खुर्ची दिली. मुलगी वाईट नव्हती. तिची नजर मात्र सतत पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे होती. बारा मिनिटांतली पाच टाइप करण्यात जात, दोन औषधाच्या दुकानाचं नाव विचारण्यात.

अकराच्या सुमारास साठीची एक बाई आली. ती दारातून खुर्चीपर्यंत आली तेवढ्यातच ओझेला सावध झाली. बाई पाय फेंगडे टाकत होती, आणि मांडीवर ठेवलेले हात थरथरत होते. बारीक थरथर नव्हे, चांगली ठळक. वॉर्डात लिथियम घेणाऱ्या माणसाचे हात असे झाले की ओझेला नाश्ता टाकून धावायची, कारण ते औषध रक्तात जास्त झालं की विष होतं.

"शेवटची रक्ततपासणी कधी झाली?" तिनं हळूच विचारलं.

मुलीनं पडद्यावर शोधलं. सात महिन्यांपूर्वी. मग ती म्हणाली की पुढच्या भेटीला सांगते, आता वेळ भरत आलाय.

"पुढच्या भेटीला नाही. आत्ता," ओझेला म्हणाली. तिथं तिला कसलाही अधिकार नव्हता, गळ्यात पाहुणीचा बिल्ला होता. पण तिनं उठून त्या बाईचा हात धरला, तिला बोलतं केलं आणि दोन मिनिटांत काढून घेतलं की आठवडाभर जुलाब होताहेत, पाणी पोटात ठरत नाही. दार उघडून तिनं बाहेरच्या मुलीला सांगितलं की गाडी बोलवा, यांना इस्पितळात न्यायचंय. पुढचे तीन रुग्ण खोळंबले. व्यवस्थापक येऊन दोनदा डोकावून गेली. बाईला घेऊन गाडी गेली तेव्हा त्या तरुण नर्सच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओझेलाला तिचा राग आला नाही. या पोरीचं आणखी दोन वर्षांनी काय होईल, एवढंच तिच्या मनात आलं.

दुपारी सामानाच्या खोलीत एका खोक्यावर तिला जुनी नावाची पट्टी दिसली. ग्लेंडा फिप्स, नर्स प्रॅक्टिशनर. ही कुठं असते, असं तिनं विचारलं, तर पुढच्या टेबलावरची बाई इकडंतिकडं बघत म्हणाली, "हायवेवरच्या रोपवाटिकेत. पण मी सांगितलं म्हणू नका."

ग्लेंडा फिप्स गुडघाभर मातीत टोमॅटोची रोपं लावत होती. गोरी, दणकट, उन्हानं लाल झालेली बाई. टॉलिव्हरचं नाव काढताच तिनं खुरपं जमिनीत रोवलं आणि दोघी पालथ्या घातलेल्या कुंड्यांवर बसल्या. सोळा वर्षं तिनं मानसोपचारात काढली होती. चौदा महिने टॉलिव्हरमध्ये राहून ती बाहेर पडली, आणि आता चौदाव्या कलमामुळे रोपं विकत होती. घरी आजारी वडील, त्यामुळे गाव सोडणंही शक्य नव्हतं. एकोणिसाव्या नियमाबद्दल ओझेलानं विचारलं तेव्हा तिनं तळव्यांवरची माती झटकली.

"तुमच्याच गावचा एक जण होता," ती म्हणाली. "नाव सांगणार नाही, तुम्ही समजू शकता. महिन्याला एक इंजेक्शन, बस. त्या इंजेक्शनवर माणूस उभा होता. काम करायचा, आईला जपायचा. ज्याची गाडी मागून यायचा ती बिघडली. तीन वेळा चुकला. मी सुट्टीवरून आले तर त्याचं नावच नाही. मी भांडले. मला म्हणाले, जागा दुसऱ्याला दिली, यादी भरली."

"मग?"

"मग मी ही रोपं लावते. तुम्ही काय करणार आहात?"

ओझेला म्हणाली, अजून ठरलेलं नाही. हे खोटं होतं. गाडी रस्त्याला लागण्याआधीच तिचं ठरलं होतं. तरीही तिनं एक संधी द्यायची असं मनाशी धरलं, कारण गावाला क्लिनिक खरंच हवं होतं. लोकांना जाऊन-येऊन ऐंशी मैल पडत होते, आणि बरेच जात नव्हते. घरी येऊन तिनं चारही कलमं खोडली आणि शेजारी आपली लिहिली. जुन्या रुग्णाला निदान अर्धा तास. विमा कंपनीचा. साठ मैलांची अट नको. आणि तिनं सही केल्याशिवाय एकाही रुग्णाचं नाव कमी होणार नाही. खाली एक ओळ वाढवली की डॉक्टर असा हवा, जो महिन्यातून एकदा तरी समोर येऊन बसेल. पगाराच्या आकड्याला तिनं हातही लावला नाही.

हॅलोवेचा फोन दोन दिवसांनी आला. आवाजातला मध बराच कमी झाला होता. असे बदल कंपनी कुणासाठीही करत नाही, असं त्यानं सांगितलं. मग तो मायेनं समजावल्यासारखा म्हणाला, "हे बघ, ओझेला. तू पन्नाशी ओलांडलेली आहेस आणि या कामात नवीन आहेस. काल पास झालेल्या माणसाला एवढा पगार कुणी देत नाही. आम्ही देतोय. महिनाअखेरपर्यंत सही आली नाही, तर ते क्लिनिक आम्ही सायलसला नेऊ. मग तुझ्या गावाला काय सांगायचं ते तू ठरव."

"सांगेन की," ती म्हणाली. "मला बोलता येतं."

पण गावाला तिच्याआधी त्यानंच सांगितलं. त्यानं महापौरांना फोन केला, महापौरांनी पास्टर ड्यूप्रींना, आणि पास्टरांनी रविवारी प्रार्थनेनंतर तिला दारातच गाठलं. भला माणूस. तिच्या आईला त्यांनीच दफन केलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर ओझेला, गावाच्या वाट्याला काही चांगलं येतंय, त्यात आपण आडवं पडायचं का? आधी दार तर उघडू दे. आत गेल्यावर हळूहळू सुधारू."

तिनं सांगितलं की आत जाऊन तोंड उघडलं आणि नोकरी सोडावी लागली, तर दोन वर्षं साठ मैलांत तिला काम करता येणार नाही, ते त्या कागदातच लिहिलंय. पास्टरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. किराणा दुकानात दोन बायांनी तिच्याकडे पाठ केली. तिसरी समोर येऊन म्हणाली, "शिकली म्हणून शेफारली."

हे सगळं तिला झेपलं. घरात जे झालं ते झेपायला जड गेलं. थॅड कधी आवाज चढवत नसे. त्या सोमवारी त्यानं चढवला.

"साडेतीन वर्षं मी या घरात एकटा जेवलो, ओझी," तो म्हणाला. "तू पुस्तकात होतीस. मी एक शब्द बोललो का? मला वाटलं, चला, शेवटी काहीतरी येईल. आता आलं, तर तुला ते मापात बसत नाही."

"मला नाही, थॅड. माणसांना बसत नाही."

"मी पण माणूसच आहे."

तिनं खुर्ची ओढली. ती त्याच्यासमोर बसली आणि बोलायला लागली. अठ्ठावीस माणसं, बारा मिनिटं, आणि सगळ्या कागदांवर तिची सही. एखादा गेला तर ॲरिझोनातला डॉक्टर दारात येणार नव्हता. त्याची आई येणार होती, याच पोर्चवर, आणि तिला दार थॅडच उघडणार होता. तेव्हा तू तिला काय सांगशील, एवढंच तिनं विचारलं. थॅड उठून बाहेर गेला. गुडघे दुखत असूनही त्यानं सबंध अंगणातलं गवत कापलं, शेजाऱ्याच्या हद्दीतलंसुद्धा.

महिना संपायला चार दिवस असताना कंपनीनं चर्चच्या सभागृहात बैठक ठेवली. क्लिनिकची माहिती आणि मोफत जेवण. ओझेला आणि थॅड पोचले तेव्हा दीडशे माणसं कागदी ताटल्यांत तळलेलं चिकन घेऊन बसली होती. समोर माणसाच्या उंचीचा फलक होता. त्यावर इमारतीचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'मॅरो बेंडची आपली लेक', आणि त्याखाली ओझेलाचा फोटो. पदवीदानाच्या दिवशीचा. विद्यापीठाच्या पानावरून उचललेला.

थॅडनं फलकाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू सही केलीस?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

तिला त्याच्या आवाजात आठवडाभरात पहिल्यांदा आपल्या बाजूचं काहीतरी ऐकू आलं.

हॅलोवे आधी बोलला. छान बोलला. चित्रं दाखवली, कारंजं दाखवलं. मग हात पुढं करून म्हणाला, "आणि आता आपल्या सगळ्यांची लाडकी ओझेला दोन शब्द बोलेल." टाळ्या पडल्या. पास्टर ड्यूप्री हसून मान डोलवत होते. दीडशे माणसांसमोर ती नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. तेवीस वर्षं ज्या बाईनं कुलूपबंद वॉर्ड सांभाळला तिच्याबद्दल हा हिशेब कच्चा होता.

ती चालत पुढं गेली, पण ध्वनिक्षेपकाजवळ थांबली नाही. थेट फलकाशी गेली, फोटोचा कोपरा नखानं उचकटला आणि तो सावकाश, फाटू न देता, सोलून काढला. गुंडाळून काखेत घातला. 

"मिस्टर हॅलोवे," ती म्हणाली, "माझं नाव मिसेस ग्रेव्हज. माझ्या आईला या गावात साठाव्या वर्षापर्यंत गोऱ्यांची पोरंसोरंही नुसत्या नावानं हाक मारायची. मला चालणार नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी "खरंय" म्हणालं. तिनं पर्समधून करार काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागली. चौथं कलम. नववं. चौदावं. प्रत्येक कलम वाचून झालं की ती मान वर करून साध्या शब्दांत सांगे की याचा अर्थ असा. हॅलोवे मध्ये म्हणाला की करार खाजगी असतो. ती म्हणाली, "सही केलेला असतो. यावर मी केलेली नाही." मग तिनं एकोणिसावा नियम वाचला आणि विचारलं की इथं बसलेल्यांपैकी स्वतःची, चालणारी, विमा भरलेली गाडी किती जणांकडे आहे. थोडेसेच हात वर झाले. तिनं मोजले नाहीत. लोकच एकमेकांकडे बघत होते.

"महिन्याला एक इंजेक्शन घेऊन उभी असलेली माणसं असतात," ती म्हणाली. "तीन वेळा गाडी बिघडली म्हणून त्यांना खाली सोडायचं, असं या कागदात आहे. आणि ते मी करायचं, असं आहे. माझ्या हातानं. अशी उदाहरणं मला माहीत आहेत. नावं मी सांगू शकत नाही, कायद्यानं."

तेव्हा डावीकडून एक खुर्ची सरकली. अर्नेल मोझली उभी राहिली. लाँड्रीत काम करणारी, कधी मोठ्यानं न बोलणारी बाई.

"मिसेस ग्रेव्हज सांगू शकत नाहीत," ती म्हणाली. "मी सांगू शकते, मी आई आहे. माझा क्लीव्हन. हॅन्सफर्डला यांच्याचकडे जात होता. भाच्याची गाडी बंद पडली. मी फोन केले, सहा वेळा केले. मशीन बोलायचं. आता पाच महिने झाले, तो काउंटीच्या तुरुंगात आहे. कुणाला मारलं नाही, काही चोरलं नाही. आवाज ऐकू येतात म्हणून लोकांच्या गोठ्यात लपला होता. तुम्ही सगळे मला विचारता, क्लीव्हन कुठंय. मी सांगते, मेम्फिसला नोकरी लागली. खोटं सांगते."

ती खाली बसली. बाजूच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हॅलोवेनं काहीतरी सांगायला सुरुवात केली, त्या प्रकरणाची माहिती घेऊ वगैरे, पण ऐकत कुणी नव्हतं. पास्टर ड्यूप्री उठले, अर्नेलपाशी गेले आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. त्यांनी ओझेलाकडे बघितलं नाही. त्यांना बघवलं नसावं.

कंपनीनं क्लिनिक सायलसला नेलं. गावात दोन तट पडले, ते अजून थोडेफार आहेत. 'शेफारली' म्हणणारी बाई अजून तसंच म्हणते. पण दुसऱ्याच आठवड्यात पास्टरांनी चर्चची व्हॅन काढली आणि एका वकिलाला घेऊन ते तुरुंगात गेले, तिथून न्यायाधीशांकडे गेले. तीन आठवड्यांनी क्लीव्हन मोझली सरकारी मनोरुग्णालयात उपचारांसाठी दाखल झाला.

ओझेलानं काउंटीच्या आरोग्य खात्याचं दार ठोठावलं. त्यांच्याकडे लसीकरणाच्या मागं एक खोली रिकामी होती, आणि पगार टॉलिव्हरच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यांचा करार तीन पानांचा होता. तोही तिनं सबंध वाचला, दोन शब्द बदलून घेतले आणि सही केली. थॅड शाळेची बस चालवायला लागला. बसमध्ये गुडघे कमी आणि तोंड जास्त लागतं, हे त्याला सोयीचं होतं.

अडलं ते डॉक्टरवर. तिनं डॉक्टर वेस्ली क्वॉनना गाठलं. तिच्या वॉर्डाचे ते सतरा वर्षं प्रमुख होते. नदीकाठच्या चिनी किराणा दुकानात वाढलेला, डेल्टाच्या, म्हणजे तिथल्या नदीखोऱ्याच्या, जाड बोलीत शिव्या देणारा, चौऱ्याहत्तर वर्षांचा खडूस माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी परवाना चालू होता, कारण तो बंद करायचा फॉर्म भरायचा त्यांना कंटाळा होता. पहिल्यांदा त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाले की मी मासे पकडतोय, दिसत नाही का. तिसऱ्यांदा ती काठावर त्यांच्या शेजारी बसून राहिली, चार तास, काही न बोलता. शेवटी त्यांनी गळ गुंडाळला आणि विचारलं, कुठं सही करायची.

दर दुसऱ्या गुरुवारी ते लसीकरणाच्या मागच्या त्या खोलीत येऊन बसतात. दुसऱ्याच खेपेला दोघांचं वाजलं. एक शेतमजूर होता, बायको गेल्यापासून झोप नाही, भिंतीशी बोलतो. क्वॉननी कागद बघितले आणि म्हणाले की डोस दुप्पट कर, भ्रम वाढतोय.

"नाही करणार," ओझेला म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तो भिंतीशी बोलत नाही. बायकोशी बोलतो. संध्याकाळी सहा वाजता, जेवायला बसल्यावर. सहाच्या आधी नाही, नंतर नाही. मी पन्नास मिनिटं बसले त्याच्यापाशी. हा आजार नाही, डॉक्टर. मी झोपेचं बघते, पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन येते, आणि डोस आहे तोच ठेवते."

"सतरा वर्षं मी सांगेन ते औषध तू दिलंस."

"दिलं. त्यातलं काही द्यायला नको होतं, तेव्हाही माहीत होतं मला."

क्वॉन लालबुंद झाले. टोपी उचलली, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा खुर्चीत बसले. खिडकीबाहेर रांगेत लहान मुलं लस टोचून घ्यायच्या भीतीनं रडत होती. त्यांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत, बोट ठेवून.

"घरी कुठल्या दिवशी जाणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी."

"मग लिही तुझं," ते म्हणाले. "पुढचा कोण आहे?"